पहिले घर आणि पहिली बाग : पुण्यात घर निवडताना दोन्हींसाठी काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि सध्या कोथरूडमध्ये भाड्याने राहतो. स्वतःचे पहिले घर घ्यायचे ठरवले असून, बरीच शोधाशोध केल्यावर सुमारे ८० लाखांच्या दोन घरांवर विचार येऊन थांबला आहे. एक घर वाघोलीत, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आहे. त्याला पूर्वेकडे बाल्कनी आहे आणि ताबा दोन वर्षांनी मिळेल असे सांगितले जात आहे. दुसरे घर कर्वेनगरमध्ये, वीसेक वर्षे जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आहे; ते आकाराने थोडे लहान असले तरी त्याला पश्चिमेकडे लगतची उघडी टेरेस आहे.

सासूबाई आता वाईहून कायमच्या आमच्याकडे राहायला येणार आहेत. तिथे त्यांचे अंगण आहे आणि पूजेची फुले विकत आणण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही. त्यामुळे घर पसंत करतानाच बागेचाही विचार व्हावा अशी आमची इच्छा आहे. मात्र घर घेण्याचा आणि कुंड्यांत झाडे लावण्याचा, दोन्हींचा आम्हाला अनुभव नाही. टोकन देण्यापूर्वी कोणती कागदपत्रे पाहावीत, टेरेसवर कुंड्या ठेवायच्या असतील तर बांधकामात काय तपासावे आणि रोपवाटिकेतून पहिली रोपे घेताना कशाकडे लक्ष द्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त स्थापत्य अभियंता, एरंडवणे

आधी पैशांचा हिशेब मांडतो, कारण पहिले घर घेणाऱ्यांची ओढाताण बहुधा तिथेच होते. ८० लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी या कर्जाच्या हिशेबात धरली जात नाही. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे. घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतले तर ते ६ टक्के होते, म्हणजे या किमतीला ८० हजार रुपये वाचतात. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३० हजार आहे. म्हणजे घर आपल्या आणि सासूबाईंच्या नावे घेतले तरीही सुमारे २१ लाख रुपये स्वतःजवळ असायला हवेत. वाघोलीच्या घरावर बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी चार लाख लागतील. कर्वेनगरच्या जुन्या घरावर जीएसटी नाही. दोन्ही घरांची तुलना करताना हा फरक जाहिरातीतल्या किमतीत मिळवूनच करावी. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून तो सरकारजमा करणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

वाघोलीच्या घरासाठी महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून स्वतः माहिती वाचावी. विक्री कार्यालयातल्या रंगीत पुस्तिकेवर विसंबू नये. ताबा देण्याची घोषित तारीख कोणती, ती आधी वाढवून घेतली आहे का, मंजूर नकाशा काय दाखवतो, जमिनीबाबत काही वाद चालू आहे का, हे सारे तिथे दिसते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार) होण्यापूर्वी विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. त्यामुळे ‘ऑफर संपत आली आहे, आताच वीस टक्के भरा’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. क्षेत्रफळाची चौकशी फक्त कार्पेटमध्ये (घराच्या आतल्या वापरायच्या जागेत) करावी. कायद्याच्या व्याख्येनुसार बाल्कनी आणि उघडी टेरेस कार्पेटमध्ये मोडत नाहीत, म्हणून त्यांची मापे साठेखतात वेगळी लिहून घ्यावीत. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधनही त्याच कायद्याने विकसकावर घातले आहे.

जुन्या घराचे कागद निराळे असतात. आधीची सर्व खरेदीखते, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, भोगवटापत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मालकाचे कर्ज असल्यास बँकेचा दाखला आणि सोसायटीचे ना हरकत पत्र मागावे, आणि वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्यावा. जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकी कायदेशीरपणे सोपवणे) सोसायटीच्या नावे झाले आहे का हे अवश्य विचारावे, कारण वीस वर्षांच्या इमारतीचा पुढेमागे पुनर्विकास निघाला की पहिला प्रश्न तोच येतो. टेरेस मंजूर नकाशात आपल्या घराला जोडलेली दाखवली आहे की सोसायटीची सामाईक जागा मालक केवळ वापरत आला आहे, हे नकाशा समोर ठेवून पाहावे.

आता बांधकामाकडे वळतो. टेरेसची खरी तपासणी तिच्या खालच्या घरात होते. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला विनंती करून त्यांचे छत पाहून यावे. छताला कडेने पिवळट वर्तुळे, फुगलेला रंग, पांढरी खारी किंवा पंख्याच्या हुकाजवळ ओल दिसली, तर वॉटरप्रूफिंग गेलेले आहे. नुकताच फक्त तेवढ्याच भागाला रंग दिलेला दिसला, तर त्याचेही कारण विचारावे. मग टेरेसवर दोन बादल्या पाणी ओतून ते कोणत्या दिशेने वाहते ते उभे राहून पाहावे. पाणी नहाणी ट्रॅपकडे न जाता भिंतीच्या कडेला साचत असेल, तर उतार चुकलेला आहे, आणि त्या जागी कुंड्या मांडल्या की वर्षभरात खालच्यांच्या छतावर ओल उतरेल. टेरेसच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची की सभासदाने, याबाबत त्या सोसायटीत काय ठरले आहे, ते इतिवृत्तातून लेखी पाहावे.

वजनाचा विचार तर कोणीच करत नाही. आपल्या मानकांनुसार निवासी बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो, तर वावरायच्या सपाट छतासाठी १५० किलो लाइव्ह लोड (माणसे, सामान यांचे वजन) धरला जातो, आणि लगतची टेरेस हे खालच्या घराचे छतच असते. ओली माती एक फूट खोल पसरली, तर तिचेच वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलोच्या घरात जाते. म्हणून टेरेसवर विटांचे वाफे बांधून माती भरण्याचा विचार मनातून काढून टाकावा. कुंड्याच ठेवाव्यात, जड कुंड्या तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवाव्यात, आणि खालून झाडू फिरेल व वारा खेळेल इतक्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवाव्यात. वड-पिंपळाचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून कोब्याच्या भेगेत पडते. असे रोप दोन पानांचे असतानाच मुळासकट काढावे.

उत्तर २ : सोसायटीचे सचिव, बाणेर

वरील उत्तर अगदी सविस्तर आहे. मी फक्त पाण्याविषयी लिहितो, कारण माणसांची आणि झाडांची दोघांचीही गाठ शेवटी त्याच्याशीच पडते.

२०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, त्यात वाघोलीही आली. परंतु गाव हद्दीत आले म्हणून घरातल्या नळाला महापालिकेचे पाणी आले असे होत नाही. पाणी कोठून येणार हे विकसकाला लेखी विचारावे, आणि शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीत जाऊन एप्रिल-मे महिन्यांत रोज किती टँकर लागतात याची चौकशी करावी. सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत प्रत्येक टँकरची नोंद असते. जुन्या सोसायटीत हेच काम वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालाने होते. ‘पाणी खर्च’ या शीर्षाखालची रक्कम मागच्या तीन वर्षांची पाहिली की पुढचा देखभाल खर्च कुठे जाणार आहे याचा अंदाज येतो.

बागेच्या दृष्टीने पाण्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर धरतो, पानांची टोके करपतात. त्यावर उपाय म्हणून अनेक सोसायट्या सॉफ्टनर बसवतात, पण त्यात कॅल्शियमच्या जागी पाण्यात सोडियम येतो आणि तो कुंडीतल्या मातीत साचत जाऊन मुळांना जाचतो. अशा इमारतीत सॉफ्टनरच्या आधीच्या वाहिनीवरून झाडांसाठी एक नळ मिळतो का, हे विचारून ठेवावे. टेरेस असेल तर पावसाचे पाणी पिंपात साठवता येते, हा कर्वेनगरच्या घराचा मोठा फायदा आहे.

कर्वेनगर नदीकाठी असल्यामुळे इमारत निळ्या आणि लाल पूररेषेच्या (नेहमीच्या आणि मोठ्या पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या रेषांच्या) संदर्भात कुठे येते, तेही पाहावे. घर दुसऱ्या मजल्यावर असले तरी वाहनतळ, पाण्याचा पंप आणि विजेचे मीटर तळमजल्यावरच असतात. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यानंतर नदीपलीकडे एकतानगरीतील रहिवाशांचे जे हाल झाले, ते सर्वांनी पाहिले आहेत.

उत्तर ३ : रोपवाटिकाचालक, मांजरी

सोलापूर रस्त्याने हडपसर-मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे, आणि नव्या घरात राहायला गेलेली कुटुंबे पहिल्या रविवारीच गाडीची डिकी भरून रोपे नेतात. मी स्वतः विक्रेता असूनही आपल्याला सांगेन की पहिल्या खेपेला आठ-दहा रोपांच्या वर घेऊ नये. ती जगली आणि आपल्या जागेला मानवली की पुढची घ्यावीत.

रोप निवडताना फुलांकडे न पाहता बुडाकडे पाहावे. पिशवी उचलून तळाची भोके तपासावीत. एखाददुसरे पांढरे मूळ डोकावत असेल तर रोप जोमात आहे, पण जाड तपकिरी मुळे जमिनीत घुसलेली असतील आणि पिशवी हिसका देऊन उपटावी लागत असेल, तर ते रोप फार काळ तिथेच पडून आहे आणि उपटताना त्याची कामाची मुळे तुटलेली आहेत. पाने उलटी करून शिरांजवळ आणि पान-खोडाच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात का पाहावे; तो पिठ्या ढेकूण असतो, आणि एका रोपाबरोबर घरी आला की जास्वंदीवर हमखास चढतो. सर्वांत उंच रोपापेक्षा बुटके, खालपासून फुटवे असलेले रोप घ्यावे. पूर्ण उमललेले झाड घरी नेले की फुले गळतात आणि माणूस हिरमुसतो. म्हणून कळ्या असलेले घ्यावे.

गुलाब आणि फळझाडे यांच्या बाबतीत कलमाचा सांधा शोधायचा. गुलाबाचे रोप हातात घेऊन खोडावरून बोट खालपर्यंत फिरवले, तर मातीपासून थोड्या वर एक गाठ लागते. गाठीखालचे खोड गावठी गुलाबाचा खुंट असते आणि वरचे आपल्याला हवे असलेले वाण. सगळी पालवी गाठीच्या वरून फुटलेली हवी. गाठीखालून जोमदार सरळ फांदी निघाली असेल तर ती खुंटाची आहे. ती ठेवली तर काही महिन्यांत गावठी गुलाब उरतो आणि मूळचे वाण वाळून जाते. घरी लावतानाही ही गाठ मातीत गाडली जाऊ नये.

बाहेरगावाहून येणारी बरीच शोभेची झाडे चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. हा गोळा आपल्या मोकळ्या मातीत तसाच ठेवला तर वरून ओतलेले पाणी त्याच्या बाजूने निघून जाते आणि आतली मुळे कोरडी राहतात. आठवडाभर रोप सावलीत नव्या जागेला रुळू द्यावे, मग कुंडीत लावताना गोळ्याचा बाहेरचा थर बोटांनी हलकेच मोकळा करावा, मुळे न तोडता. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेतले, तर मिश्रण हलके होते आणि वर अभियंत्यांनी सांगितलेल्या वजनाच्या चिंतेवरही तोच उतारा आहे.

पश्चिमेच्या टेरेसवर दुपारचे कडक ऊन असेल. तिथे जास्वंद, मोगरा, तगर, गोकर्ण, कढीपत्ता, गवती चहा आणि कागदी लिंबू आनंदाने राहतील, म्हणजे सासूबाईंच्या पूजेची सोय तिथेच होईल. एखादे फळझाड लावायचे असेल तर सरदार पेरूचे कलम घ्यावे. हा वाण, ज्याला लखनौ ४९ असेही म्हणतात, तो आपल्या गणेशखिंडच्याच फळसंशोधन केंद्रात १९२७ मध्ये निवडला गेला. मात्र त्याला अर्धे पिंप लागते आणि ओल्या मातीसह ते दीडशे किलोपर्यंत जाते, म्हणून त्याची जागा तुळईवरच. खरेदीला जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलै उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत नवीन रोपे मुळीच आणू नयेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. खालच्या घराचे छत पाहण्याची कल्पना आम्हाला सुचलीच नसती. येत्या रविवारी आम्ही तसे करणार आहोत. आणखी दोन शंका आहेत. वाघोलीचे घर घेतले तर अकराव्या मजल्यावरच्या पूर्वेच्या बाल्कनीत मोगरा फुलेल का? आणि कर्वेनगरचे घेतले तर पावसाचा त्रास टाळण्यासाठी टेरेसवर पत्र्याचे छत टाकावे, असे मध्यस्थ सुचवत आहेत; ते योग्य ठरेल का?

उत्तर ४ : हौशी बागकाम करणाऱ्या गृहिणी, सहकारनगर

मोगऱ्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. पूर्वेच्या बाल्कनीत सूर्योदयापासून साधारण अकरापर्यंत ऊन येते, तेही समोर काही उभे नसेल तर. त्यामुळे महारेराच्या संकेतस्थळावरील मंजूर नकाशात पूर्वेला त्याच प्रकल्पाची पुढची इमारत दाखवली आहे का, हे आधी पाहा. आज मोकळे दिसणारे मैदान ताबा मिळेपर्यंत मोकळे राहीलच असे नाही. ऊन पुरेसे असले तर मोगरा येईल, परंतु बाल्कनीच्या कठड्यालगत, आतल्या बाजूला. कठड्याबाहेर लटकणाऱ्या कुंड्या अकराव्या मजल्यावर कृपा करून लावू नका. वळवाच्या वादळात त्या खाली कोणाच्या डोक्यावर पडू शकतात. त्या उंचीवर वाराही सतत असतो, माती लवकर सुकते आणि उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालावे लागते. तुळस, सदाफुली, अबोली आणि पुदिना मात्र पूर्वेच्या उन्हात फार सुंदर राहतात.

उन्हाबाबत एक गोष्ट पुण्यात घर पाहताना उपयोगी पडते. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, तर डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला बराच खाली उतरतो. म्हणून दक्षिणेची बाल्कनी हिवाळ्यात उन्हाने भरलेली दिसली तरी मे महिन्यात वरच्या स्लॅबच्या सावलीत असते. घर एकदाच सायंकाळी पाहून ऊन ठरवू नका. सुटीच्या दिवशी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला जाऊन या.

सासूबाई वाईहून येणार आहेत, तर रोपवाटिकेत जाण्याआधी त्यांच्या अंगणातल्या जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या आणि तगरीच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आणा. खालची पाने काढून, दोन डोळे मातीत जातील अशा खोचून सावलीत ठेवल्या, तर महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. त्यांच्या हाताला सवयीची झाडे असली की नव्या शहरात त्यांचे मनही लवकर रमेल.

माझे मत विचाराल तर, खालच्या घराचे छत कोरडे असेल आणि अभिहस्तांतरण झालेले असेल तर कर्वेनगरचेच घर घ्यावे. उघडे आकाश मिळणारी जागा आता शहरात फारशी मिळत नाही.

उत्तर ५ : निवृत्त स्थापत्य अभियंता, एरंडवणे

पत्र्याच्या छताबद्दल लिहायचे राहिले. मंजूर नकाशात उघडी असलेली टेरेस महापालिकेच्या परवानगीशिवाय झाकणे हे अनधिकृत बांधकाम ठरते. त्यावर कारवाई होऊ शकते आणि पुढे घर विकताना किंवा कर्ज काढताना हाच मुद्दा आडवा येतो. सध्याच्या मालकाने असे काही केले असेल, तर ते खरेदीखतापूर्वी त्याच्याच खर्चाने काढून घ्यावे. शिवाय ज्या उन्हासाठी आणि पावसासाठी आपण हे घर पसंत करत आहात, ते दोन्ही छताने अडेल. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने ५० टक्के सावलीची हिरवी जाळी तात्पुरती बांधावी आणि जूनमध्ये सोडावी. सोसायटीला त्याची लेखी कल्पना द्यावी. रविवारी छत पाहून झाल्यावर ओलीचे काही आढळल्यास त्याचे वर्णन इथे लिहावे, म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्याने करायला किती खर्च येईल आणि तो किमतीतून कसा वळता करून घ्यावा, हे मला सांगता येईल.